रोहिदासचा पुकारा

जळगाव जिल्ह्यातल्या एका कोर्टाच्या व्हरांड्यात त्या सोमवारी तीन बाकं होती, एकोणीस माणसं आणि एक रिकामी जागा. ती जागा रुपलीअक्कांनी पिशवी ठेवून धरली होती.

अटकेपासून निकालापर्यंत कैद्याची माहिती ठाणं, तुरुंग आणि कोर्टात कशी फिरते, त्याचा आराखडा मी संगणकावर करत होते. प्रत्येक कैदी म्हणजे एक ठिपका. आज ना उद्या प्रत्येक ठिपका बाहेर पडायचा. एक मात्र दीड वर्ष फिरत होता.

"रोहिदास झिपरू पावरा, हाजीर हो!" पट्टेवाले पंडितभाऊंनी पुकारलं.

रुपलीअक्का उठून जिन्याकडे बघत राहिल्या. रोहिदास त्यांचा मुलगा.

"अक्का, कागद आणला का?" पंडितभाऊंनी विचारलं.

"मरेल मानूसना कागद मी कोठून आनू? धुळाना दवाखानामा गया तो."

"मला ठाऊक आहे हो. पण यादीत आहे तोवर हाक मारणं माझं काम."

"तू हाक मारस नि तो माघारी येस. रातले घरमा खोकलस. बठ्ठा गाव ऐकस. जाऊ दे ना त्याले, भाऊ."

मी पिशवीकडे बोट दाखवलं. "मग ही जागा?"

"इतला लांबथून येस. बसाले नको का?"

मी आराखड्यातले बाण उलटे तपासत गेले. रोहिदासला एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवलं होतं. मृत्यूची खबर दुसऱ्यानं पहिल्याला दिली. पहिल्याच्या दफ्तरी तो 'रवाना' होता. त्यांनी कागद फाईलला लावला. कोर्टाला समोरच्यानं कळवलं असेल, असं दोघांनाही वाटलं. मी त्या कागदाची प्रत सरकारी वकिलांकडे पोचवली. रोहिदासवरचा खटला संपला. माझा ठिपका बाहेर पडला.

पुढच्या तारखेलाही अक्का आल्या. हाक बंद झाल्याचं त्यांना स्वतःच्या कानानं ऐकायचं होतं. पिशवी या वेळी मांडीवर होती. पंडितभाऊ एकेका ओळीवर बोट ठेवून पुकारत होते. मी मोबाईलवर आवाज टिपत होते. शेवटच्या ओळीवरून त्यांनी बोट उचललं. जरा वेळानं अक्का उठल्या आणि जिन्याकडे बघत राहिल्या.

घरी मी ते दोनदा ऐकलं. यादीतली नावं सोळा. पुकारलेली नावं सतरा.