रिकामा गेलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. तीन खणांचा, वर मूठ असलेला. माझ्या वरच्या झाकणाला पोचा पडला आहे, त्यामुळे ते दाबून बसवावं लागतं. दिसायला साधाच आहे मी, पण गेली कित्येक वर्षं माझा जो वैताग झाला, तो कुणाला तरी सांगावा असं वाटतं.

एका कारखान्यात पत्रा दाबून, घासून, चमकवून मला घडवलं. नागपूरच्या भांड्यांच्या दुकानातून शांताबाईंच्या आईने मला विकत घेतलं आणि लेकीच्या संसारात पाठवलं. तेव्हा छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झालं, कारखाने वाढले. शांताबाईंचे यजमान हरिदास तिथल्या एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि दोघांनी बीरगांवात घर केलं.

ती माझी सुखाची वर्षं. वरच्या खणात पोळ्या, मधल्या खणात लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, नाहीतर चेच ही तिथली पालेभाजी, खाली वरणभात आणि कडेला जवसाची चटणी. जेवणाच्या सुट्टीत माझं झाकण उघडलं, की हरिदासांचा सोबती हिरालाल सरकून जवळ येई आणि म्हणे, "भैया, भौजी के हाथ म जादू हे!" माझी छाती फुगून येई.

पुढे त्यांची लेक रुचिता शाळेत जाऊ लागली आणि शांताबाईंनी पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात नोकरी धरली. सकाळी तिघांनाही बाहेर पडायची घाई. मग घरात पाकिटं शिरली. कधी नूडल्स, कधी ब्रेडला फासलेला सॉस, कधी नुसती शेव आणि फरसाण. दुपारपर्यंत त्या नूडल्सचा गार गोळा होई आणि तो माझ्या तळाला चिकटून बसे. केशरी तेलाचे डाग घासून निघत नसत. मला फार राग येई, पण डब्याचं कोण ऐकतं? माझ्यात जे भरतील, ते मी निमूटपणे नेई.

एके दिवशी मशीनजवळ उभे असताना हरिदासांना घेरी आली. हिरालालने त्यांना सावरलं आणि दवाखान्यात नेलं. मी पिशवीत, त्यांच्या पायाशी होतो. डॉक्टर म्हणाले, "बीपी बहुत बढ़ा हुआ है. पैकेट वाला, नमकीन, सब कम करो. घर का खाना खाओ."

घरी येताच हरिदासांनी जाहीर केलं, "शांता, उद्यापासून घरात पाकीट नाई पायजे. ताजी भाजी, पोळी, डाळ. आपलं ठरलं!"

मी हरखलो. शांताबाई उजाडायच्या आत उठू लागल्या. पण दुकानात दिवसभर उभं राहून त्या थकून येत आणि एखाद्या सकाळी त्यांना जाग येत नसे. मग पुन्हा नूडल्स! हरिदास चिडत, "काहून? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?" आणि हेच हरिदास कारखान्याबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर शेवेचं पाकीट फोडत. ते मी पिशवीतून ऐकत असे. त्या पाकिटाचा तो चरचर आवाज ऐकून माझा जीव नुसता चडफडे.

नव्या वर्षाला त्यांनी पुन्हा संकल्प केला. तो मोडला. भीमजयंतीला केला, तोही मोडला. दर वेळी मोठ्या आवाजात ठरवायचे ते आणि बोलणी खायच्या शांताबाई.

शेवटी एका संध्याकाळी त्या भडकल्या. "ठरवता तुमी अन् उठावं लागते मले! संकल्प तुमचा अन् हात माहे?"

"मले कुठं येते सैपाक?" हरिदास म्हणाले.

"एवढी मोठी मशीन खोलून जोडता, अन् एक कांदा चिरता येत नाई?"

रुचिता पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "पापा, मम्मी सही बोल रही है."

दुसऱ्या दिवशी शांताबाईंनी मला लख्ख घासलं, पुसलं, झाकण दाबून बसवलं आणि पिशवीत ठेवलं. मी कमालीचा हलका होतो. वाटभर माझे खण एकमेकांवर खडखडत राहिले. दुपारी हरिदासांनी पहिला खण उघडला. रिकामा. दुसरा उघडला, तिसरा उघडला. मित्रांनो, भरल्या पंगतीत असं उघडं पडण्याची लाज काय असते, ती मला विचारा!

हिरालाल हळूच म्हणाला, "भौजी भुला गे का, भैया?"

"नाई," हरिदास माझ्या तळाकडे बघत म्हणाले, "तिले सगळं याद हाय."

हिरालालने आपल्यातला भात पुढे केला, पण त्यांनी तो नको म्हटला आणि माझं झाकण दाबून बसवलं. परतताना त्यांनी बाजारातून लाल भाजीची जुडी घेतली. घरी पातेलं काढलं, बोट कापून घेतलं, भाजी नीट न धुताच फोडणीला टाकली. जेवताना दाताखाली माती कचकचली. कुणी हसलं नाही.

जेवता जेवता हरिदासांनी विचारलं, "शांता, तू दुकानात दुपारी काय खाते?"

"चहा-बिस्किट."

"रोज?"

"मंग? तुमचा डबा भरता भरताच तर बसची वेळ होते."

 दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदासांनी जाड, वाकड्या पोळ्या लाटल्या आणि उरलेली भाजी माझ्यात भरली. मी सवयीने त्यांच्या पिशवीची वाट पाहत होतो. त्यांनी मला उचललं आणि शांताबाईंच्या हातात दिलं. स्वतःच्या पोळ्या त्यांनी कागदात गुंडाळल्या.

आता मी पंडरीला जातो. सगळं सुरळीत झालं, असं मात्र समजू नका. हरिदासांची बीपीची गोळी सुटलेली नाही. रुचिताच्या दप्तरात चिप्स सापडतात. परवाच पुन्हा पाकिटातल्या नूडल्स उकळल्या आणि त्यांचा वास फळीवर बसून मला सहन करावा लागला. माझा वैताग काही संपत नाही!

म्हणून विनवतो, मित्रांनो. पाकिटं कमी करायची असतील, तर नुसती घोषणा करू नका. सकाळी उठा, भाजी निवडा, ती नीट धुवा. आणि जी माउली तुमचा डबा भरते, ती दुपारी काय खाते, हे तिला आजच विचारा.