चाकिल मरायला तयार नाही

"आग माझ्या आधी वळली," पार्जियो म्हणाला. तोंडाला अर्धा लाल रंग, चाकिल राक्षसाचा खोटा सुळा हातात. "मी वळू की नको ते अजून ठरवत होतो. ही बया वळून मोकळी!"

"पाक, मशीनला पापणी लवण्याएवढा उशीर होतो," किनासी म्हणाली. आमच्या जावात वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बु. आमची नाटकमंडळी आधुनिक करायला व्यवस्थापकांनी तिला बांडुंगहून आणली होती. तिचा कॅमेरा नाचणाऱ्याचं अंग टिपायचा आणि प्रोजेक्टर त्या अंगावर ज्वाळा टाकायचा. "म्हणून ते तुमची पुढची हालचाल ओळखून आधीच आग पाठवतं."

"कशावरून ओळखतं?"

"तुमच्या आधीच्या नाचांवरून. सगळे साठवलेत ना."

पार्जियोने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ते माझ्या घरी नेऊन ठेवलेत.

मी केंडांग, म्हणजे आमचा ढोल, वाजवतो. चाकिलचा खांदा उडाला की माझी थाप पडते, आणि ती वेळेवर पडायची तर खांदा उडणार हे मला आधीच कळावं लागतं. म्हणजे इतकी वर्षं मीही तेच करत होतो. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

आमच्या सोलो शहरात कथा कुठलीही लावा, मध्ये जंगल येतं, जंगलात अर्जुन येतो आणि त्याला चाकिल राक्षस आडवा येतो. चाकिल उड्या मारतो, नको तेवढं बोलतो आणि स्वतःच्याच खंजिराने मरतो. लोक तेवढ्यासाठीच येतात. उरलेली कथा शेंगदाणे खाता खाता बघतात. पार्जियोचा बाप चाकिल होता, आजाही चाकिल होता. त्या घरात आजवर कोणी दुसऱ्याच्या खंजिराने मेलेलं नाही.

त्या दिवसापासून तो कॅमेऱ्याकडे पाठ करून जेवू लागला. कॅमेऱ्यासमोर पाठ खाजवणं बंद, जांभई बंद.

"सगळं भरून झालं की मला घरी बसवतील, बघ," तो म्हणाला. "मग मीही खोटंच भरतो त्यात."

"कसं?"

"लंगडतो."

पहिल्या दिवशी आग झेप घेऊन पुढे गेली आणि पार्जियो मागेच राहिला. लोक खदखदून हसले. आठवड्याभरात आगही लंगडायला लागली. मग त्याने खांद्याला उचकी लावली. आगीलाही उचकी लागली. तो भलत्याच ठिकाणी गिरकी घेऊ लागला. मशीन आज्ञाधारक होतं, सगळं शिकत गेलं. मी शिकलो नाही. माझ्या थापा चुकायला लागल्या आणि ते मात्र मला लागलं.

एकदा तर तो मरेचना. आमच्याकडे अर्जुन बाई करते, बु सुलास्मी. ती त्याचं मनगट पिरगाळून खंजीर त्याच्याच पोटाकडे वळवते. त्या संध्याकाळी तिने पिरगाळलं, तर हा गिरकी घेऊन पसार.

"मर की मेल्या!" अर्जुन दात खाऊन म्हणाला.

"मरतोय, पण आग काय करते ते बघू दे!"

शेवटी अर्जुनाने त्याला बखोटीला धरून खाली बसवला आणि मारला. कथा पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी किनासी अगदी मायेने म्हणाली, "पाक, आता आराम करा. गुडघा किती दुखतोय, दिसतंय ना आम्हाला. मंगळवारी पडद्यावर प्रकाशाचा चाकिल उतरवू. बु सुलास्मी हलतील तसा तो लढेल."

"माझा गुडघा..." पार्जियोने तोंड उघडलं आणि मिटलं. गुडघा ठणठणीत आहे म्हणावं, तर मग लंगडतोस कशाला, हेही सांगावं लागलं असतं.

मंगळवारी तो माझ्या मागेच, पहिल्या रांगेत, शेंगदाणे घेऊन बसला. झिरझिरीत पडद्यावर प्रकाशाचा चाकिल आला. नारळाच्या झाडाएवढा. आला तो लंगडत. मग त्याच्या खांद्याला उचकी लागली.

"अगं बाई, पिऊन आलाय का हा?" मागून एक बाई म्हणाली.

"पार्जियोच्या नाचावरून केलाय म्हणे."

"असं होय. असंच नाचत असणार तो. त्याच्या बापाची सर नाही हो."

मागे शेंगदाणे फोडल्याचा आवाज थांबला. पार्जियोने पुडी शेजारच्याच्या मांडीवर ठेवली, चपला काढल्या आणि रंगमंचावर चढला. ना रंग, ना सुळा. साधा सदरा आणि लुंगीसारखं सारोंग.

"पाक, खाली उतरा!" किनासी ओरडली. "कॅमेरा चालू आहे, सगळं भरलं जातंय!"

"ठाऊक आहे," पार्जियो म्हणाला. "चालूच ठेव. आणि त्याला सांग, नीट बघ."

मग तो नाचला. काही हातचं राखलं नाही. आज्याची उडीसुद्धा, जी त्याने त्या कॅमेऱ्याला एकदाही दाखवली नव्हती. माझी प्रत्येक थाप त्याच्या खांद्यावर जाऊन बसली. प्रकाशाचा चाकिल थोडा वेळ मागे लंगडत राहिला. मग त्याचा पाय सरळ पडला. मग खांदा. उडी त्याला पहिल्याच फटक्यात जमली.

मागची बाई उभी राहून बघत होती.

बु सुलास्मीने मनगट पिरगाळलं. पार्जियो जिथे मरायचं तिथेच मरून पडला आणि पडद्यावरचाही त्याच क्षणी कोसळला. पार्जियोची छाती अजून वरखाली होत होती. प्रकाशाचा चाकिल अगदी व्यवस्थित मेला होता.