नागनाथबाबांची तपाची माती

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडे ठेवूनच कल्पना करा. येलदरीजवळचं एक गाव. गव्हाच्या शेतात दोनशे माणसं हात जोडून उभी आहेत. चार दिवसांपूर्वी पिवळा पडलेला गहू आज हिरवागार! मधोमध नागनाथबाबा, हातात काळ्या मातीनं भरलेला गडवा, म्हणजे तांब्या.

"बारा वर्षं सागाच्या जंगलात बसलो मी! तप मातीत उतरलंय! पाण्यात कालवा, शिंपडा, पीक हिरवं!"

घरोघरी युरियाची पोती असलेली ही माणसं. युरियाच्या फवाऱ्यानं पीक चार दिवसांत हिरवं होतं, हे झोपेतही सांगतील. पण बाबा दिसला की अक्कल बांधावर ठेवून येतात.

मी हसून सोडलं असतं. पण बाबांनी पुढं फर्मावलं, "रान पिवळं पडलं ते विधवेच्या पायानं. कडूबाईनं परवा येळवशीला आत यायचं न्हाई!"

रान कडूबाईचंच. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, अंबील शिंपडून ते पुजायचा मानही तिचाच.

तिची सातवीतली मुलगी मनिषा तडक संशोधक संघप्रियाताईंकडं गेली. ताई सागाखालच्या मातीतला नायट्रोजन अभ्यासत होत्या. मातीवर अवरक्त किरण सोडायचे. प्रत्येक पदार्थ त्यातले ठरावीकच किरण शोषतो, आणि यंत्र त्याची रेघ काढतं. बाबांनी वाटलेल्या मातीतली चिमूटभर त्यांनी तपासून आणली.

येळवशीला कडूबाई बांधाबाहेर बसली होती. ताईंनी लोकांपुढं कागद धरला. "जंगलात नायट्रोजन कुजल्या पाल्यात अडकलेला असतो. जिवाणू तो हळूहळू, महिनोन् महिने सोडवतात. त्याचे हे पसरट उंचवटे. आणि बाबांच्या मातीतले हे टोकदार सुळके युरियाचे."

बाबांनी कागदच हिसकावला. "बगा! यंत्रालाबी माझं तप दिसलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

"ताई, ह्यांना रेघ वाचता येत न्हाई," मनिषा म्हणाली. "नाक तर हाय ना?"

तिनं दोन वाट्यांत कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि पाणी कालवलं. एकीत जंगलाची माती घातली, दुसरीत बाबांची. दोन्हींवर हळदीचे ओले कागद झाकले. थोड्या वेळानं जंगलाच्या मातीवरचा कागद पिवळाच राहिला, बाबांच्या मातीवरचा लाल झाला.

गर्दीतल्या बन्सीधर पाटलांनी बाबांच्या मातीची वाटी हुंगली आणि नाक दाबलं. "आरं, तप कशाचं? युरियाच की ह्यो! लय घाण मारायलाय! गोठ्यातल्या मुतावानी!"

सोयाबीन युरियातून अमोनिया सोडवतं. तोच वास मारतो, तोच हळद लाल करतो. मुलांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: यात काय कालवलंय?

बाबा जीपकडं पळाले. टाळ्या वाजवणारेच शिव्या देत मागं धावले. मनिषा धावली नाही. ती बांधाबाहेर गेली, आईचा हात धरला आणि म्हणाली, "ऊठ माय, पूजा राहिलीय." आणि तिला गव्हात घेऊन गेली.