आईच्या खोलीतली जाळी

कारागीर शोधावा तर मीच. मेहुणा म्हणाला, "ओळखीचा माणूस आहे, पटकन करून देईल." मी म्हटलं, ओळखीच्या माणसाची खरी ओळख काम झाल्यावर पटते. आमच्या घरात हीटर दिवसभर घुमायचा आणि आईचे पाय तरी गारच. भिंतींना आतून थंडी अडवणारा इन्सुलेशनचा थर द्यायचं ठरलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, रीतसर नोंदणी असलेलाच माणूस हवा. सरकारी यादीत एका कारागीर बाईचं नाव शोधलं, तिच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले, आणि ती बाई दारात आली तेव्हा आधी ओळखपत्र मागितलं. फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"बघा दादा, नीट बघा," ती म्हणाली. "केस तेवढे कापलेत."

काम तिनं दृष्ट लागावी असं केलं. भिंतींना थर, खिडक्यांच्या फटी बंद, दाराखाली रबर. आणि मग आईच्या खोलीत, कपाटाच्या वर, अगदी छताला लागून भिंतीला आरपार भोक पाडलं आणि तिथे जाळी बसवली.

"अहो ताई, सगळ्या फटी बुजवल्यात आणि आता हे भगदाड कशाला?"

"घर आता घट्ट झालंय," ती म्हणाली. "माणसाच्या श्वासाची, वाळत्या कपड्यांची ओल बाहेर जायला वाट हवी. ही जाळी कधीच बंद करायची नाही."

मी मान डोलावली. ती गेल्यावर स्टुलावर चढून जाळीपाशी हात धरला, तर गार वारा. माझं डोकंच फिरलं. एवढा खटाटोप करून आईच्या डोक्यावर वारा? जुनी उशी फाडली, कापूस जाळीत कोंबला, वरून पांढरी चिकटपट्टी मारली. तिचा दाखला मी तपासला होता. माझा तपासायला कोणी नव्हतं.

आई पलंगावरून बघत होती. "ती बंद करू नका म्हणाली होती ना रे?"

"तिला काय जातंय सांगायला? तिला कुठे इथे झोपायचंय?"

हिवाळा सरेपर्यंत कपाटामागची भिंत बुरशीनं काळी पडली. आईला खोकला लागला तो हटेना. डॉक्टरांनी खोलीत ओल आहे का विचारलं आणि माझा पारा चढला. नोंदणी काय, ओळखपत्र काय, आणि काम हे असं! मी त्याच तिरमिरीत नोंदणी कार्यालयात तिच्याविरुद्ध तक्रार ठोकली. कापूस आठवला तो दुसऱ्या दिवशी, दात घासताना. तक्रार मागे घ्यायला हवी होती. आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिलो.

तिचा फोन आला. चौकशी होईपर्यंत तिची नोंदणी थांबवली होती, हातातली कामं गेली होती. "दादा, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"ते आता तपासणीतच ठरेल," मी म्हणालो. गुपचूप कापूस काढून टाकावा असंही मनात आलं. पण मग दोष तिच्याच कामाचा ठरून ती कायमचीच अडकली असती. तेवढा नीचपणा जमला नाही, आणि खरं बोलायची छातीही झाली नाही.

तपासनीस आले, बरोबर ती. त्यांनी स्टुलावर चढून जाळीसमोर पातळ कागद धरला. कागद हलला नाही. त्यांनी नखानं पट्टी सोलली आणि कापूस ओढून काढला. ओला, काळपट.

"हे कुणी केलं?"

ती माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"मी केलं," आई म्हणाली. "गार लागायचं मला."

आई वॉकर धरून उभी होती. तपासनीसांनी जाळीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मग वॉकरकडे. शेवटी ते त्या कारागीर बाईला म्हणाले, "कामात दोष नाही. तुमची नोंदणी आजच सुरू करतो." तिनं डोळे मिटून घेतले.

मग ती आईजवळ गेली. "आजी, पुन्हा बंद करायची नाही हं. त्रास तुम्हालाच होतो."

"चुकलं गं पोरी," आई खाली मान घालून म्हणाली. माझ्या आईनं उभ्या जन्मात कुणापुढे मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती.

दारात बूट घालताना ती मला हळूच म्हणाली, "दादा, आईंना एवढ्या उंच चढू देत जाऊ नका. पडतील."

मी "बरं" म्हणालो.

आत आलो तर आई पलंगावर बसली होती, तो कापूस कागदात गुंडाळत. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"तू कशाला गं घेतलंस अंगावर?"

"थांबले होते मी," ती म्हणाली. "तू बोलशील म्हणून बराच वेळ थांबले होते." आणि तिला खोकल्याची उबळ आली.