ओलं पारडं

"दोन जिवांची बाई, आणि दोन घासांत उठतेस?" सासूबाईंनी ताट परत तिच्यापुढे सरकवलं. "पोटातल्यानं काय हवा खायची?"

"आई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, वजन फार चढलंय. तोंडाला आवर घाला, नाहीतर बाळंतपण जड जाईल."

"त्यांना काय जातंय सांगायला!"

आठवा महिना चालू होता. त्या तपासणीपासून तिने भात सोडला, दूध सोडलं, अंड्याकडे बघणंही सोडलं. फळांच्या फोडी आणि भाजीचं पाणी, एवढ्यावर दिवस ढकलत होती.

तिचं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं. नवरा लाडाने तिला 'मापाडी' म्हणायचा. त्या दिवशी कामावर येताच ती मोठ्या काट्यावर उभी राहिली. आठवड्यात दोन किलो वाढलं होतं. उपाशी राहून! तिने प्रमाण वजनं एकेक करून ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. काटा अगदी खरा होता.

नवऱ्याला फोन केला तर तो हसला. "मापाडी, खरं सांग, चोरून काय खातेस?"

तिने फोन ठेवून दिला. सकाळपासून डोकं ठणकत होतं. उपासानं असेल, ती मनाशी म्हणाली.

तेवढ्यात एक मासेवाली काटा काखोटीला मारून आली. "बाई गं, गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करतंय. पारडं रिकामं, तरी हा वजन दाखवतो. माझं तोंड खरं मानायचं की याचं?"

तिने पारडं उपडं केलं. कडेला पत्रा दुमडलेला होता, त्या दुमडीला बारीक चीर गेली होती. दाबल्याबरोबर पाण्याची धार लागली.

"मावशी, काटा शहाणा आहे. पारडंच पाणी प्यायलंय."

"मेलं ते पारडं! आणि मी उगाच चोर ठरले." मासेवाली हसता हसता थांबली. "पण तुझं तोंड का गं असं सुजलंय?"

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अंगठी बोटात रुतली होती. ती स्टुलावर बसली, मोजा खाली सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, खळगा तसाच राहिला. डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्या, आणि कोपऱ्यातली पत्रा घासायची साण तर बंद होती.

तिने घरी फोन लावला. "आई, दवाखान्यात या. आत्ता."

"का गं?"

"हे वजन खाण्याचं नाही. पाण्याचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मला भीती वाटतेय."

मासेवालीनेच तिला रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला. लघवी तपासायला पाठवली.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून. उपासामुळे असेल असं वाटलं."

"उपास? कुणी सांगितला?"

"तुम्हीच म्हणालात, आवर घाला."

"आवर म्हटलं होतं, कुलूप नाही." बाईंचा आवाज कडक होता, हात मात्र हळुवार. "खाण्यानं वजन चढतं ते हळूहळू. असं एकदम चढलं तर ते अंगात साठलेलं पाणी. उपाशी राहून ते उतरत नाही, बाळाचं मात्र पोषण तुटतं. रक्तदाब फार वाढलाय. आताच दाखल व्हायचं. कदाचित बाळाला लवकर बाहेर आणावं लागेल."

दारात पोचलेल्या सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बळेबळे भरवलं म्हणून झालं का हो?"

"नाही. यात जेवणाचा दोष नाही."

बाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. नुसती खरखर. जागा बदलली, पुन्हा खरखर. सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. मग एकदम ठोके उमटले, भरभर, जणू कुणी पळत सुटलंय.

सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. उकडलेलं अंडं होतं. "देऊ का?"

"आत्ता काहीच नाही. ऑपरेशनची वेळ येऊ शकते."

डब्याचं झाकण परत बसलं. सासूबाई तिच्याकडे वळल्या. "डॉक्टरीणबाई हो म्हणतील त्या दिवशी आणीन. दोघांचं जेवण नाही, एकीचंच. पण ते संपवायचं."

"संपवीन," ती म्हणाली. दंडावरचा पट्टा पुन्हा आवळू लागला होता, आणि तिची नजर, सवयीनं, रक्तदाबाच्या काट्यावर होती.