बत्ती वाढवा

रंगूबाईला राग आला की ती भांडी घासायला बसायची. त्या वर्षीच्या वैशाखात झुंबरच्या हॉटेलातल्या जितक्या कपांचे कान तुटले, तितके त्याआधी कधी तुटले नव्हते.

झुंबर तिचा भाचा. बारामतीत स्टेशनाच्या रस्त्याला त्याचं चहाचं हॉटेल होतं. रंगूबाई तरुणपणीच विधवा होऊन अंथुर्ण्याहून भावाकडे आली होती. पुढे भाऊही गेला. भाच्याने आत्याला सांभाळलं असं लोक म्हणत, पण पहाटे चूल पेटवण्यापासून रात्रीची कढई उतरवण्यापर्यंत हॉटेल आत्याच सांभाळत होती.

त्या काळी बाजाराला आजूबाजूच्या गावांतून गुळाच्या गाड्या यायच्या. गाडीवानांना ओढायला समोरच्या हॉटेलवाल्याने गाणी वाजवणारा फोनो आणला. झुंबरचं डोकं फिरलं. तो पुण्याला गेला आणि कुणा हलवायाची जुनी, झाकण फुटलेली काचेची पेटी घेऊन आला. गळू नये म्हणून सांध्यांत लांबी भरली, तळाला कऱ्हा नदीची धुतलेली वाळू पसरली, पाणी ओतलं आणि बोटाएवढे मासे सोडले. मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले, हलेनात.

"झुंबऱ्या, उघड्या माळावर तू तरी ऱ्हाशील का?" रंगूबाई म्हणाली. "त्यास्नी आडोसा लागंल."

ती लुगडं वर खोचून कालव्याच्या फाट्यात उतरली आणि लांब पात्यांचं पाणगवत मुळासकट काढून घेऊन आली. एकेक रोप वाळूत बोटाने दाबून बसवलं. मधली खोली अंधारी होती, म्हणून झुंबरने पेटीच्या वर पत्र्याची टोपी घातलेली गॅसबत्ती टांगली. बत्तीचा पांढरा उजेड उघड्या पाण्यातून थेट वाळूपर्यंत उतरायचा, पाती हिरवीगार झळकायची आणि मासे त्यांच्यातून लपंडाव खेळायचे. गाडीवान बशी ओठाला लावायची विसरून बघत बसत. फोनो मागे पडला. रंगूबाई येता-जाता तिथे घटकाभर थांबायची. तिने केलेलं सगळं संध्याकाळपर्यंत लोक खाऊन संपवत. न संपता वाढत राहणारं असं तिने पहिल्यांदाच काही केलं होतं.

झुंबरची बायको साखरबाई लालबागच्या चाळीत वाढलेली. लग्नाला वर्ष होत आलं होतं. पोरगी वाईट नव्हती, पण जीभ सैल.

वैशाखात झुंबरचा मामा बावड्याला आजारी पडला. झुंबर तिकडे गेला आणि हॉटेलाला फळ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी साखरबाई बाजूला बसली. मागच्या पडवीत घोंगडी टाकून चार दिवस बसायचं, घरात शिवायचं नाही. तिथून तिला उघड्या दारातून पेटीचा एक कोपरा दिसत होता.

"आत्याबाई!" ती ओरडली. "पाला पिवळा पडायला लागलाय बघा. बत्ती वाढवा!"

रंगूबाई पीठ चाळता चाळता थबकली. "आत्ताच?"

"आत्ताच म्हणजे काय, रोज वाढवा!"

"दिवसा बी?"

"दिवसाही. नाहीतर मरेल सगळं!"

रंगूबाईने पेटीपाशी जाऊन पाहिलं. पात्यांची टोकं खरंच पिवळी होती. तिने वर हात धरला. पत्र्याच्या टोपीतून भट्टीसारखी धग येत होती. पाला होरपळतोय, पोरीने बरोबर ओळखलं, असं तिला वाटलं. तिने बत्ती वाढवली आणि पुन्हा लावलीच नाही. उन्हाची झळ नको म्हणून त्या खोलीची दारं लोटून घेतली आणि हॉटेल बंद असेतो ती तिकडे फिरकली नाही.

झुंबर परतला तेव्हा बरोबर दत्तोबा होता. हा दत्तोबा कन्हेरीचा भाजीवाला, हॉटेलातलं रोजचं गिऱ्हाईक आणि गावाचं तोंड. त्याच्यामागे दोन-तीन गाडीवानही चहासाठी शिरले. फळ्या काढल्या आणि आतून असा वास आला की दत्तोबाने नाकाला पटका लावला. पाणी गढूळ झालं होतं. पाती कुजून वाळूवर लोळत होती. मासे पोट वर करून तरंगत होते.

साखरबाई नुकतीच न्हाऊन आत आली होती. पेटी बघून तिचा तोल सुटला.

"मला तेव्हाच वाटलं होतं! पांढऱ्या कपाळाचा हात लागला. हिरवं टिकणार कसं?"

रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय म्हनलीस?"

"मग काय म्हणू? बत्ती वाढवा म्हणून बोंबलून सांगितलं होतं की नाही?"

"आन् मी वाढवली न्हाय व्हय? त्याच घडीला वाढवली!"

"वाढवली तर ही विझलेली कशी?"

"अगं भवाने, वाढवल्यावर ती पेटती ऱ्हाईल का?"

झुंबर एकदा आत्याकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या घरात दिवा विझव असं कुणी तोंडातून काढत नसे. तो शब्दच अशुभ. दिवा वाढवायचा, नारळ वाढवायचा, बांगडी वाढवायची. लालबागच्या चाळीत मात्र वाढवायचं म्हणजे मोठं करायचं, एवढंच साखरबाईला ठाऊक.

दत्तोबा तर हसून हसून बाकावरून खाली यायचा राहिला. "झुंबरराव, बायकूला म्हनावं, उद्या च्यात साखर वाढव म्हनू नगं. आत्या बरणी फोडील!"

गाडीवान हसले, झुंबर हसला, साखरबाईही पदराआड खुदकली.

रंगूबाई हसली नाही. "माझ्या बांगड्या वाढवल्या तवा मला बी वाटाया हवं व्हतं," ती म्हणाली, "की आता कोपरापातूर भरतील."

हसणं जागच्या जागी थांबलं. रंगूबाई आत गेली आणि भांडी घासायला बसली.

त्या दिवसापासून ती पेटीपाशी फिरकली नाही. चहा, भजी, शेव सगळं वेळच्या वेळी होत होतं, पण पेटीचं नाव काढलं की कढईत झारा आपटायची. झुंबरने नवे मासे आणले, साखरबाईने फाट्यावरून गवत आणून लावलं. तिने मुळं मुठीत चुरगाळून वाळूत खुपसली होती. सकाळी सगळी रोपं पाण्यावर आडवी.

"काय वैनी, मासे घर सोडून निगाले का?" दत्तोबा रोज आत हाक टाकून विचारायचा. गाडीवान पुन्हा फोनोकडे वळले.

झुंबर चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. "आत्या, माफ कर की."

"तू का हात जोडतुयास? जीभ काय तुजी व्हती?"

मग साखरबाई आली. "आत्याबाई, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"ते बत्तीचं..."

"बत्तीचं मरू दे! त्यात माजी बी चूक हाय, मी नीट इचारलं न्हाय. माज्या हाताला काय बोललीस त्ये सांग."

साखरबाईची मान खाली गेली. "ते मी रागात बोलले."

"रागात बोललीस, पर चार मानसांत बोललीस. आता कन्हेरीपातूर लोक माज्या हातची भजी घेताना माज्या कपाळाकडं बघत्यात. हितं चुलीपाशी कुजबुजून त्ये फिटायचं न्हाय. जितं बोललीस तितं बोल."

साखरबाईचा चेहरा उतरला. रागाच्या भरात बाहेर येणं वेगळं. त्या काळी घरची सून गिऱ्हाइकांपुढे अशी ठरवून उभी राहत नसे. तिने दोन दिवस काढले. रंगूबाईने तेवढ्यात आणखी तीन कप फोडले.

बाजाराच्या दिवशी हॉटेल खच्चून भरलं होतं. साखरबाई डोक्यावरचा पदर घट्ट धरून मधल्या दारात आली.

"मी आत्याबाईंच्या हाताला वाईट बोलले," ती म्हणाली. "ते खोटं होतं. ती हिरवळ त्यांच्याच हातानं आली होती. गेली ती माझ्या बोलण्यानं."

"दोघींच्या बोलन्यानं!" दत्तोबाने टोकलंच.

"दत्तोबा, गप च्या पी," आतून आवाज आला.

रंगूबाई हात पुसत बाहेर आली. तिने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. कुणी तिच्या कपाळाकडे बघितलं नाही. मग सगळ्यांदेखत तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तरंगणारं एक रोप धरलं.

"हितं ये," ती साखरबाईवर खेकसली. "मुळं पसर. पसर म्हन्ते ना! गळा धरल्यावानी दाबू नगं. वाळू वरनं लोट. आता दुसरं."

झुंबरने बत्तीला हवा मारली. गिऱ्हाइकं बशा घेऊन पुढे सरकली. रोपामागून रोप वाळूत बसत गेलं, साखरबाईचे खांदे भरून आले, तरी रंगूबाईने तिला सोडलं नाही, आणि एकदाही 'बरं जमलं' म्हटलं नाही.