अडीच घरांचा राजा

हिवाळ्यातल्या दुपारच्या पिवळ्या उन्हात तेंदूपत्त्यावर फिरणाऱ्या कातरीचा कोरडा, लयबद्ध आवाज म्हणजे माझ्या लेखी गोदाबाई. कुडवा गावातल्या आमच्या शेजारशेजारच्या घरांना एकच ओटा. मांडीवर सूप घेऊन त्या तिथे विड्या वळत, आणि मध्ये मांडलेल्या पटावर माझी चाल झाली की तंबाखूने पिवळी पडलेली बोटे पदराला पुसून, विडीचे तोंड मिटावे तितक्या हळुवारपणे आपले प्यादे पुढे सरकवत. मी शाळेत गणित शिकवणारी, तरी वीस वर्षे त्यांच्याकडून हरत आले. आणि खरे सांगायचे तर त्या हरण्यावर माझा एकटीचा हक्क आहे, असे मला वाटू लागले होते.

आमचा खेळ गावठी. शह बसला तरी राजाने डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घ्यावी, हा आमचा कायदा.

मग नागपूरच्या लेकीने त्यांना फोन दिला, आणि त्यात बुद्धिबळ खेळणारे यंत्र आले. माणूस थकतो, धास्तावतो, उगाच आशा धरून बसतो. याला यातले काहीच होत नाही, म्हणून जगज्जेतेही आता याच्यापुढे टिकत नाहीत, असे लेकीने सांगितलेले गोदाबाई मला जावयाचे कौतुक सांगावे तशा सांगत. त्या रोज त्याच्याकडून हरत, आणि हरून हसत. मला हरवताना त्या कधी तशा हसल्या नव्हत्या. माझा नुसता जळफळाट होई. जगज्जेत्यांना लोळवणाऱ्याचे आमच्या ओट्यावर काय अडले होते?

एकदा माझा राजा कोंडीत सापडला, तसा मी त्याला अडीच घरे उडवला. गोदाबाईंनी तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"ते नाई चालत, मॅडम. तो मानत नाई."

नवऱ्याच्या तोंडून सवतीचे नाव ऐकावे तसा फोनातल्या त्या यंत्राचा 'तो' मला झोंबला.

पुढे त्यांचे लेकीकडे कायमचे जायचे ठरले. आदल्या दुपारी आम्ही शेवटचा डाव मांडला. माझ्या वजिराने शह दिला आणि त्यांच्या राजाच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. उरली ती फक्त अडीच घरांची उडी. न राहवून मीच म्हणाले, घ्या ना उडी.

त्यांनी राजाला बोट लावले, उडीच्या घराकडे एकदा पाहिले, आणि त्याला आडवा केला. "आता खोटं कायले खेळू, मॅडम?"

वीस वर्षांत मी पहिल्यांदा जिंकले, आणि तो डावही फोनातल्या त्यानेच जिंकला होता.

आता तेच यंत्र माझ्याही फोनमध्ये आहे. ओट्यावर ऊन येते, कातर वाजत नाही. शह बसला की मी मुद्दाम राजाला अडीच घरे ओढून बघते. तो मुकाट्याने मागे फिरतो. खेळलेली प्रत्येक चाल त्या यंत्राच्या ध्यानात राहते म्हणे. त्या दुपारी न घेतलेली एक उडी मात्र माझ्याखेरीज कुणालाच आठवत नसेल.